द्यावे की राखावे? कर्नाळ्याचे दोन सौदे

१/ मागच्या रविवारी एका स्नेह्याबरोबर मुंबई-गोवा महामार्गाने निघालो होतो. पनवेल मागे पडले, शिरढोण ओलांडले आणि कर्नाळ्याच्या वळणावर आम्ही चहाला थांबलो. स्नेह्याकडे पोर्शेची केमन आहे. अनेक वर्षे पैसे साठवून घेतलेली. आता त्याच्या मनात जॅग्वारची एफ-टाइप भरली आहे. चहाचा पेला हातात धरून त्याने विचारले, "ही देऊन ती घ्यावी का रे? की हीच ठेवावी?"

२/ मला गाड्यांतले फारसे कळत नाही. अश्वशक्ती, गिअर, टायर यांविषयी सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. पण हाती असलेली नामांकित वस्तू सोडून तिच्या तोडीची दुसरी घ्यावी का, हा प्रश्न मात्र ओळखीचा वाटला. मी त्याला मान वर करून पाहायला सांगितले. समोर झाडीतून आकाशात घुसलेला सुळका दिसत होता. "हा प्रश्न या डोंगराला दोनदा पडला आहे," मी म्हणालो, "आणि दोन्ही वेळा उत्तर 'देऊन टाका' असेच आले. पण दोन्ही उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे." आजचा धागा त्या दोन सौद्यांविषयी.

३/ आधी स्थळाची ओळख. कर्नाळा हा रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर उभा असलेला गिरिदुर्ग. माथ्यावर शंभर फुटांहून अधिक उंचीचा काळ्या बेसाल्टचा सुळका आहे. कोणी त्याला अंगठा म्हणते, कोणी पांडूचा मनोरा. इंग्रजांना हा डोंगर उलट्या नरसाळ्यासारखा वाटला, म्हणून त्यांच्या कागदांत तो 'फनेल हिल' झाला. सुळक्याच्या पायाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि कपारींत आग्या मोहोळांची पिढीजात वस्ती आहे. पायथ्याचे जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून राखीव झाले.

४/ गड लहान आहे. राजवाडे नाहीत, मोठा दारूगोळा किंवा मोठी फौज मावेल असे पठार नाही. मग त्याचे मोल कशात? ते त्याच्या जागेत आहे. बोरघाटातून उतरून पनवेलच्या बंदराकडे जाणारा मार्ग, तसेच पनवेल खाडी व पाताळगंगा यांच्यामधला मुलूख या उंचीवरून नजरेखाली राहतो. स्वच्छ हवेत माथ्यावरून एकीकडे प्रबळगड, माणिकगड आणि सह्याद्रीची रांग दिसते, तर दुसरीकडे मुंबईचे बंदर. देशावरचा माल घाट उतरून खाडीत येई आणि खाडीतून समुद्राला मिळे. त्या वाटेवरचा हा पहारेकरी होय.

५/ आता सोळाव्या शतकात जाऊ. उत्तर कोकणात त्या वेळी तीन सत्ता एकमेकींना खेटून उभ्या होत्या. गुजरातची सल्तनत, अहमदनगरची निजामशाही आणि समुद्रावरून आलेले पोर्तुगीज. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख, मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगिजांना लिहून दिला. हुमायूनची स्वारी डोक्यावर होती आणि बहादुरशहाला मित्र हवे होते. ही मैत्री फार टिकली नाही. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत बहादुरशहा मारला गेला. पुढल्याच वर्षी गुजरातने तुर्की आरमाराच्या साथीने दीवला वेढा घातला आणि तो अपेशी ठरला.

६/ या धामधुमीत गुजरातचे दक्षिणेकडचे दूरचे किल्ले पोरके झाले. कर्नाळा त्यांतलाच एक. पेणजवळचा सांकशी दुसरा. मुख्य सत्ता अहमदाबादेत, गादीवर अल्पवयीन सुलतान आणि मधे वसईचा सारा प्रदेश पोर्तुगिजांच्या हाती गेलेला. अशा वेळी शेजारच्याची नजर वळली नाही तरच नवल. १५४० मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेने कर्नाळ्यावर झडप घातली आणि गुजरातच्या शिबंदीला गड सोडावा लागला.

७/ बेघर झालेले गुजराती किल्लेदार वसईला गेले. तिथे दोम फ्रान्सिस्को द मेनेझिस हा पोर्तुगीज कप्तान होता. कालपर्यंत ज्यांच्याशी हाडवैर, त्यांच्याच दारात मदतीसाठी उभे राहण्याची वेळ आली होती. मेनेझिसने काहीशे माणसांची तुकडी पाठवली आणि कर्नाळा पुन्हा काबीज झाला. गड गुजरातच्याच माणसांच्या स्वाधीन करण्यात आला, पण आत पोर्तुगीज शिपाईही राहिले. कागदावर मालक एक आणि दरवाज्यावर पहारा दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती. ती फार काळ चालणार नव्हती, हे उघड होते.

८/ तसेच झाले. निजामशहा पुन्हा येणार या धास्तीने गुजरातच्या किल्लेदारांचा धीर सुटला. आपल्या बळावर हे किल्ले राखता येणार नाहीत हे ओळखून ते वसईला निघून गेले आणि कर्नाळा व सांकशी या दोन्ही गडांवरचा हक्क त्यांनी पोर्तुगिजांना देऊन टाकला. सह्याद्रीच्या कुशीतले दोन गिरिदुर्ग असे दर्यावर्दी पोर्तुगिजांच्या पदरात पडले. ना त्यांनी त्यांसाठी मोठी मोहीम आखली होती, ना त्यांची मागणी केली होती. एखाद्याला लॉटरीत महागडी गाडी लागावी, तसे हे झाले.

९/ निजामशहा संतापला. त्याने दोन्ही किल्ले घेण्यासाठी ५,००० माणसे पाठवली. पोर्तुगिजांनी कुमक आणून तो हल्ला परतवला. म्हणजे स्थिती अशी होती: किल्ले हाती आहेत, शत्रूची मोठी फौज मागे हटली आहे, विजयाचा कैफ ताजा आहे. अशा वेळी कोणताही सेनानी काय म्हणेल? राखा. रक्त सांडून मिळवलेले कोण सोडते?

१०/ गोव्याच्या सत्तेने मात्र उलटा निर्णय घेतला. कर्नाळा आणि सांकशी निजामशहाला देऊन टाकायचे आणि त्याने त्याबदल्यात दरसाल ५,००० सोन्याचे पर्दाव भरायचे. पर्दाव हे आपल्याकडील होनासारखे सोन्याचे नाणे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गॅझेटियरने या रकमेचा हिशेब १७,५०० रुपये असा मांडला. जो शत्रू पाच हजार माणसे घेऊन किल्ला घ्यायला आला आणि हात हलवत परत गेला, त्यालाच तो किल्ला सन्मानाने देण्यात आला. पहिल्या वाचनात हा निर्णय वेडेपणाचा वाटतो. मलाही वाटला होता.

११/ आता हिशेब मांडून पाहू. पोर्तुगिजांची सारी शक्ती पाण्यावर होती. वसई, चौल, दीव, गोवा ही त्यांची ठाणी पाहा. प्रत्येक ठाण्याच्या पायाशी पाणी आहे. संकट आले तर जहाजातून माणसे, दारू आणि धान्य येते. कर्नाळ्याच्या पायाशी पाणी नव्हते, जंगल होते. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद होतो, ओढे-नाले दुथडी भरतात. त्या चार महिन्यांत वर अडकलेल्या शिबंदीला वसईहून मदत पोचवणे ही तारेवरची कसरत. मूठभर फिरंगी शिपाई दोन डोंगरांवर कायमचे गुंतवून ठेवायचे, त्यांना पगार, शिधा, दारूगोळा पुरवायचा, आणि मिळकत काय? जवळपास शून्य.

१२/ दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. निजामशाहीच्या किनाऱ्यावरच्या चौलला पोर्तुगिजांनी १५२० च्या दशकापासून किल्ला आणि वखार राखली होती, आणि तीही निजामशहाच्या संमतीने. चौल हे कोकणातले नामांकित बंदर. कापडापासून घोड्यांपर्यंतचा व्यापार तिथे चाले. कर्नाळ्यासाठी निजामशहाशी कायमचे वैर धरले, तर त्याची झळ आधी चौललाच बसणार होती. त्यातच १५४० ते १५४२ या काळात गोव्याला गव्हर्नर होता इस्तेव्हाँव द गामा, वास्को द गामाचा मुलगा. १५४१ मध्ये त्याने आरमार तांबड्या समुद्रात सुएझपर्यंत नेले. ज्या राज्याला तुर्कांच्या आरमाराची काळजी आहे, त्याने पनवेलच्या डोंगरावर किती शिपाई ठेवावेत?

१३/ अशा दृष्टीने पाहिले की सौद्याचा अर्थ उलगडतो. पोर्तुगिजांनी खर्च करवणारी वस्तू दिली आणि उत्पन्न देणारा करार घेतला. किल्ल्याबरोबर शत्रूचे वैरही विकले. ती वस्तू वाईट होती म्हणून नव्हे. निजामशहाला तीच प्राणप्रिय होती. घाटावरून खाली उतरणाऱ्या त्याच्या राज्याला या वाटेवरचा पहारा अत्यावश्यक होता. एकाच गडाचे मोल दोन मालकांना इतके वेगळे असू शकते. बाजारभाव म्हणून काही असतो, पण वस्तूचे खरे मोल मालकाच्या वाटेवर ठरते.

१४/ मात्र या सौद्याला फार डोक्यावर घेऊ नये. पैसा मिळाला, मैत्री सुधारली, पण ती चिरकाल टिकली नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौललाच वेढा घातला. तो वेढा पोर्तुगिजांनी मोठ्या नेटाने झेलला आणि चौल राखले. म्हणजे कर्नाळा देऊन विकत घेतलेली शांतता तीन दशकेही पुरली नाही. पण त्या वेळी चौल राखायला त्यांच्याजवळ जहाजे होती, बंदर होते. डोंगरावरचा किल्ला त्यांना त्या संकटात काय कामाचा होता, याचा विचार करून पाहा.

१५/ या प्रकरणात एक बाजू नेहमी विसरली जाते: गुजरातचे किल्लेदार. त्यांनी मदत मागितली ती आपला गड परत मिळवण्यासाठी. गड परत मिळालाही. पण जो राखण्याचे बळ आपल्यात नाही, तो दुसऱ्याच्या बळावर मिळाला, तेव्हाच तो त्यांच्या हातून गेला होता. शेवटी सौदा झाला तो पोर्तुगीज आणि निजामशहा यांच्यात. मूळ मालकाला त्या बैठकीत जागाच नव्हती. ऐपतीबाहेरची वस्तू उसन्या बळावर धरून ठेवणाऱ्याची गत अशीच होते.

१६/ आता सव्वाशे वर्षे पुढे येऊ. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि उत्तर कोकण आदिलशाहीकडे आले. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्या मोहिमेपासून उत्तर कोकणातले गड एकामागून एक स्वराज्यात येऊ लागले. कर्नाळाही या काळात स्वराज्यात दाखल झालेला दिसतो, कारण १६६५ मध्ये महाराजांनी जे किल्ले मोगलांना दिले, त्या यादीत त्याचे नाव आहे. जे आपल्याकडे नाही ते देता येत नाही.

१७/ १६६५ ची पार्श्वभूमी आपणा सर्वांना ठाऊक आहे. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला. वज्रगड पडला. मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. मोगलांच्या तुकड्या स्वराज्यातील गावे जाळीत, लुटीत फिरत होत्या. गड अजून झुंजत होता, पण रयत होरपळत होती. जूनमध्ये महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले आणि तह झाला. २३ किल्ले आणि ४ लक्ष होनांचा मुलूख मोगलांना; १२ किल्ले आणि १ लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे. त्या २३ मध्ये पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली यांच्या पंक्तीला आपला कर्नाळाही होता.

१८/ तरुण मित्रांना या तहाविषयी बोलताना मी अनेकदा अडखळताना पाहिले आहे. प्रतापगडाचे वर्णन ते तासभर करतील, पुरंदरच्या तहाशी आले की आवाज खाली जातो. जणू ती लपवण्याची गोष्ट आहे. मला उलट वाटते. ३५ पैकी २३ सोडायचे ठरल्यावर कोणते १२ राखायचे, हा प्रश्न अफजलखानाच्या भेटीइतकाच कठीण होता. तिथे धैर्याची परीक्षा होती. इथे आपल्या राज्याचा गाभा कोणता आणि कवच कोणते, हे ओळखण्याची परीक्षा होती.

१९/ राखलेल्या किल्ल्यांत राजगड होता, तोरणा होता, रायगड होता. राजगड ही त्या वेळची राजधानी. रायगड पुढे राजधानी व्हायचा होता. नकाशावर बोट ठेवून पाहा: सह्याद्रीच्या आतल्या, दुर्गम भागाचा हा गाभा महाराजांनी हातचा जाऊ दिला नाही. कोंढाण्यासारखा पुण्याच्या दारातला गड गेला, बोरघाटाच्या तोंडावरचा लोहगड गेला, खाली पनवेलच्या वाटेवरचा कर्नाळा गेला. वाटेवरचे पहारेकरी गेले, घर राहिले. पहारेकरी पुन्हा उभे करता येतात. घरच गेले तर परतायचे कुठे?

२०/ त्याच तहात आणखी एक गोष्ट होती, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. आदिलशाहीच्या ताब्यातले कोकण आणि घाटमाथ्यावरचा काही मुलूख मिळावा, त्याबदल्यात ४० लक्ष होन १३ वार्षिक हप्त्यांत भरू, अशी तयारी महाराजांनी दाखवली. हाताशी असलेले सोडताना पुढे काय घ्यायचे, हेही त्यांनी मांडून ठेवले होते. पराभूत माणूस फक्त काय गेले ते मोजतो. महाराजांची नजर त्या बैठकीतही पुढच्या मुलखावर होती.

२१/ अर्थात हा पोर्तुगिजांसारखा खुशीचा सौदा नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पोर्तुगिजांपाशी किल्ला ठेवण्याचाही मार्ग होता; महाराजांच्या मानेवर तलवार होती. पोर्तुगिजांनी कर्नाळा दिला कारण त्यांना तो नको होता. महाराजांना तो हवा होता, तरीही त्यांनी दिला. पोर्तुगिजांनी त्याबदल्यात पैसा घेतला, महाराजांनी वेळ घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसते: कर्नाळ्याचे निशाण बदलले. आतला हिशेब मात्र सर्वस्वी वेगळा.

२२/ आणि त्या वेळेचे महाराजांनी काय केले? १६६६ मध्ये आग्र्याची भेट, नजरकैद आणि सुटका. परतल्यावर ते लगेच तलवार उपसून धावले नाहीत. सुमारे तीन वर्षे त्यांनी राज्याची घडी बसवण्यात घालवली. मग ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले. पाठोपाठ पुरंदर, लोहगड, माहुली असे गड परत आले. त्याच वर्षी मराठ्यांची फौज कर्नाळ्याच्या पायथ्याशी आली. मोर्चे बांधीत, आडोसे उभारीत, एकेक टप्पा पुढे सरकत त्यांनी गड घेतला. पाच वर्षांपूर्वी दिलेली वस्तू घरी परत आली.

२३/ इथे एक दुरुस्ती. १६७० मध्ये महाराजांनी कर्नाळा पोर्तुगिजांकडून जिंकला, असे विधान पुष्कळ ठिकाणी फिरताना दिसते. वरचा क्रम नीट लावला तर ते टिकत नाही. पोर्तुगिजांनी हा गड सोळाव्या शतकातच निजामशहाला दिला. १६६५ च्या यादीत तो महाराजांनी मोगलांना दिला. मग १६७० मध्ये तो घ्यायचा कोणाकडून? मोगलांकडूनच. इतिहासात एखादी तारीख पाठ करण्यापेक्षा अशी साखळी जुळवून पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते. आदल्या मालकाकडून वस्तू कोणाकडे गेली, एवढे विचारले तरी अर्ध्या चुका आपोआप गळून पडतात.

२४/ पुढची कथा थोडक्यात. महाराजांच्या निधनानंतर औरंगजेबाच्या स्वाऱ्यांच्या काळात गड पुन्हा मोगलांकडे गेला. आजही गडावर एक फारसी आणि एक मराठी असे दोन शिलालेख आहेत. मालक बदलल्याची ती दोन भाषांतली साक्ष. अठराव्या शतकात तो पेशव्यांकडे आला. पेशवाईच्या अखेरच्या काळात अनंतराव फडके इथले किल्लेदार होते. १८१८ च्या सुरुवातीला कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने गड घेतला आणि गिरिदुर्गांचे युगच संपले. लांब पल्ल्याच्या तोफांपुढे डोंगराच्या उंचीचा भाव उतरला. ज्या कर्नाळ्यासाठी एके काळी दरसाल सोने मोजले गेले, तो हळूहळू ओस पडला.

२५/ पण किल्लेदाराचे घर पायथ्याच्या शिरढोणातच राहिले. त्याच घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी अनंतरावांच्या नातवाचा जन्म झाला. त्यांचे नाव वासुदेव बळवंत फडके. आद्य क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. लहानपणी रोज डोळ्यांसमोर दिसणारा तो सुळका आणि आजोबांच्या हातून गेलेला गड यांनी त्या मुलाच्या मनात काय पेरले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. काही वस्तू हातून गेल्यावरही घरातून जात नाहीत.

२६/ आता गाडीकडे वळू. स्नेह्याचा चहा केव्हाच संपला होता. आपल्याकडे स्पोर्ट्स कारच्या बदलाचे सर्वांत गाजलेले उदाहरण सचिन तेंडुलकर यांचे. २००२ मध्ये त्यांनी २९ वे कसोटी शतक करून ब्रॅडमन यांची बरोबरी केली आणि फियाटने त्यांना फेरारीची ३६० मोडेना भेट दिली. ती त्यांच्या हाती सोपवली खुद्द मिखाएल शूमाकरने. पुढे आयातशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. काही वर्षांनी ती फेरारी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली आणि तेंडुलकरांकडे निसानची जीटी-आर आली. इतक्या सन्मानाची वस्तूही कायमची ठेवलीच पाहिजे असे नसते, एवढे यातून नक्की दिसते.

२७/ म्हणून कर्नाळ्याने शिकवलेले प्रश्न मी स्नेह्यापुढे ठेवले. पहिला: ही गाडी तुझ्या वाटेची आहे का? पोर्तुगिजांना समुद्र हवा होता आणि हाती डोंगर आला होता. तू रोज कोणत्या रस्त्याने जातोस, वर्षातले किती दिवस ही गाडी बाहेर निघते, किती दिवस ती आच्छादनाखाली उभी असते? दुसरा: ती बाळगण्याचा खर्च कोण सोसते आहे? विमा, दुरुस्ती, सुटे भाग यांचा भार आपल्या कमाईतून निघत असेल तर ठीक. उसन्या बळावर चालले असेल, तर गुजरातच्या किल्लेदारांची गोष्ट आठव.

२८/ तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: नवी हवी आहे ती तिच्या गुणांसाठी, की ती शेजाऱ्याच्या दारात उभी आहे म्हणून? निजामशहाला कर्नाळा हवा होता तो आपल्या घाटवाटेसाठी. म्हणून त्याने पराभवानंतरही सोने मोजायची तयारी दाखवली. तशी गरज तुझी आहे का? आणि चौथा: दिल्यावर पश्चात्ताप झाला, तर परत मिळवण्याचे बळ राखून ठेवले आहेस का? महाराजांनी २३ किल्ले दिले, पण ज्याच्या आधारे ते परत घेता येतील तो गाभा दिला नाही. असा गाभा राखून दिलेली वस्तू उसनी दिल्यासारखी असते; गाभ्यासकट दिलेली कायमची जाते.

२९/ स्नेही बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खरं सांगू? नवी गाडी मला रस्त्यावर चालवायची नाहीये. मला ती दारात उभी हवी आहे." मी काहीच बोललो नाही. वर सुळक्याभोवती घारी फिरत होत्या. त्याने पेला ठेवला, किल्ली फिरवली आणि आम्ही पेणच्या दिशेने निघालो. त्याने पुढे काय ठरवले, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. निर्णय त्याचा आहे.

३०/ आपल्यासाठी मात्र एवढे. गडकिल्ल्यांचा इतिहास वाचताना आपण 'जिंकला' आणि 'हरला' या दोनच शब्दांत अडकतो. कर्नाळ्यावर तिसरा शब्दही शिकायला मिळतो: 'दिला'. का दिला, कोणाला दिला, बदल्यात काय घेतले आणि देताना काय हातचे राखले, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ कळत नाही. आपल्या पिढीने पुरंदरच्या तहाकडे खाली मान घालून पाहण्याचे सोडावे. कागदावर २३ किल्ले देताना ज्याची नजर राजगडावरून ढळली नाही, तो माणूस त्या दिवशी हरलेला नव्हता.

३१/ कधी त्या बाजूला गेलात तर गड जरूर चढा. अभयारण्याच्या दारातून वाट सुरू होते. आधी दाट झाडी, मग कर्णाईचे दर्शन, मग कातळ. मोहोळांच्या खाली आरडाओरडा करू नका, अत्तर लावून जाऊ नका, शेकोटी करू नका. मधमाश्यांचा पहारा आजही कडक आहे. माथ्यावर पोचलात की आधी पश्चिमेला समुद्राकडे पाहा आणि मग पूर्वेला घाटाकडे. एका बाजूने पाहिले तर पोर्तुगिजांचा निर्णय पटतो, दुसऱ्या बाजूने पाहिले तर महाराजांचा. दोन्हीकडे पाहून मगच खाली उतरा.

धागा समाप्त.